मादन हिप्परग्याचे नसलेले शेत

मनुष्यावर नाना तऱ्हेचे प्रसंग येतात. कोणाची भिंत खचते, कोणाची म्हैस आटते, कोणाचा जावई महिनाभर राहावयास येतो. परंतु ज्या गृहस्थाशी एका टेबलावर बसून वर्षभर धड बोलणे नाही, त्याच गृहस्थाच्या मोटारसायकलीवर मागे बसून, मुळात अस्तित्वातच नसलेले आपले शेत शोधावयास निघण्याचा प्रसंग फारच थोड्यांच्या वाट्यास येत असेल. तो पंचाक्षरी यांच्या वाट्यास आला. यात त्यांचा दोष किती आणि दैवाचा किती, हे सुज्ञांनी ठरवावे. पंचाक्षरींचे स्वतःचे मत असे, की संपूर्ण दोष धाकट्या मालकांचा.

राजेश्वर गावाच्या बाहेर, हमरस्त्याला लागून, तुरीची एक डाळमिल आहे. तिच्या कचेरीत पंचाक्षरी जावक पाहत, म्हणजे कोणती गाडी डाळीची पोती घेऊन कोणत्या गावी गेली याची नोंद ठेवीत. पन्नाशी उलटलेली, अंगकाठी शिडशिडीत, कपाळी विभूती, खिशाला पेन. पत्नी निवर्तली, एकुलती एक कन्या शैलश्री हैदराबादेस सासरी नांदते, आणि कलबुर्गीतील ज्या कापडदुकानात त्यांचे आयुष्य गेले ते दुकान बंद झाले. म्हणून ते या गावी येऊन एक खोली भाड्याने घेऊन राहिले. यापेक्षा अधिक पूर्वेतिहास या कथेला लागत नाही.

त्यांच्या समोर, त्याच टेबलाच्या दुसऱ्या अर्ध्यावर, तिप्पण्णा बसत. ते आवक पाहत, म्हणजे शेतकऱ्यांची काट्यावर आलेली तूर. तिप्पण्णा जुने, पंचाक्षरी नवे. पंचाक्षरी रुजू झाले त्याच दिवशी तिप्पण्णांनी वजनाच्या चिठ्ठ्या उडू नयेत म्हणून ठेवलेले दगड उचलले आणि टेबलाच्या मधोमध एका रांगेत मांडले. सीमाप्रश्न आमच्या मुलुखाला नवा नाही. दोन राज्ये, तीन भाषा आणि चार तऱ्हांची भाकरी घेऊन आम्ही सुखाने नांदत आलो आहोत. पण तो प्रश्न साडेचार फूट लांबीच्या टेबलावर उभा राहावा, ही गोष्ट पंचाक्षरींच्या जिव्हारी लागली.

तिप्पण्णा त्यांच्याशी बोलत नसत. बोलणे अगदी भागच पडले तर कोपऱ्यात संगणकावर बसणाऱ्या नेत्रावतीच्या मार्फत बोलत.

"नेत्रावती, त्यास्नी सांग, हैदराबादची गाडी आल्याय."

"पंचाक्षरीअण्णा, हैदराबादची गाडी आल्याय," नेत्रावती मान न वळवता म्हणे.

"ऐकलं," पंचाक्षरी म्हणत.

"तिप्पण्णामामा, ऐकलं म्हणायलेत."

"मग मी काय बहिरा हाय का?" तिप्पण्णा म्हणत, आणि हा प्रश्न नेमका कोणाला होता हे शेवटपर्यंत कळत नसे.

या अबोल्याचे कारण काय, याविषयी गावात मतांची वाण नव्हती. पंचाक्षरींच्या घरमालकीण रुद्रम्मा यांचे म्हणणे, की त्या टेबलाचे तोंडच वाईट दिशेला आहे. गोदाम सांभाळणारे माणिकराव म्हणाले, "अण्णा, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. ते गेल्या पावसाळ्यात पावसासंगं सुदिक बोलत नव्हते." रुद्रम्मांनी उपायही सुचवला. शेंगाच्या, म्हणजे दाणे-गुळाच्या, पोळीने दगड विरघळतो, असा त्यांचा अनुभव. त्यांनी स्वहस्ते पोळ्या करून दिल्या, आणि पंचाक्षरींनी त्या एका सोमवारी, तूप लावून, दगडांच्या रांगेपलीकडे सरकवल्या. तिप्पण्णा सोमवारचा कडक उपास धरतात, हे रुद्रम्मांना ठाऊक नव्हते. तुपाचा वास दिवसभर टेबलावर दरवळत राहिला. तिप्पण्णा दिवसभर खिडकीबाहेर पाहत राहिले. दुसऱ्या दिवशी दगडांच्या रांगेत एका मोठ्या दगडाची भर पडली होती.

अशी एकंदर परिस्थिती असताना धाकटे मालक प्रशांतकुमार हैदराबादेस कसल्याशा शिबिराला जाऊन आले. तरुण माणूस, हौशी, आणि वडील थकल्यामुळे मोकळा सुटलेला. शिबिराचा विषय होता, कामाच्या जागी अवघड माणसांशी कसे वागावे. त्यांनी गिरणीचे चाक थांबवले, सर्वांना गोदामात पोत्यांवर बसवले आणि स्वतः काट्याच्या लोखंडी पाट्यावर उभे राहिले. काटा त्यांचे वजन दाखवू लागला. त्यामुळे ते जोरात बोलले की लाल आकडे हलत आणि श्रोत्यांचे लक्ष वारंवार तिकडे जाई.

"प्रत्येक ऑफिसात एक तरी अवघड माणूस असतो," ते म्हणाले. "तो वाईट नसतो. त्याला हाताळायची कला पाहिजे. आता सगळ्यांनी डोळे मिटा. आपल्या ऑफिसातला अवघड माणूस मनात आणा. नाव घ्यायचं न्हाई!"

पंचाक्षरींनी डोळे मिटले. त्यांना काही आणावे लागले नाही. तिप्पण्णा आधीच मनात येऊन बसलेले होते. काम लवकर झाल्यामुळे त्यांनी डोळे लवकर उघडले, तो काय आश्चर्य! नेत्रावती, माणिकराव आणि तिप्पण्णा या तिघांचेही डोळे उघडे होते आणि तिघेही त्यांच्याचकडे पाहत होते. आपल्या मागे कोण आहे म्हणून पंचाक्षरींनी वळून पाहिले. मागे भिंत होती. मग त्यांनी विचार केला, की तिप्पण्णांचा जाच आपल्याला किती होतो हे सर्वांना ठाऊक आहे, म्हणून हे सहानुभूतीने पाहत असावेत. आणि तिप्पण्णा पश्चात्तापाने. या विचाराने त्यांना गहिवरून आले.

धाकट्या मालकांनी चार उपाय सांगितले. अवघड माणसाशी बोलताना त्याचे नाव पुनःपुन्हा घ्यावे. तो बोलेल ते त्याला परत बोलून दाखवावे, म्हणजे आपले ऐकले जाते असे त्याला वाटते. त्याच्या खऱ्या गुणाची स्तुती करावी. आणि पहिले पाऊल आपण टाकावे. आठवडाभर प्रत्येकाने आपापल्या माणसावर हा प्रयोग करावा, अशी आज्ञा झाली आणि चाक पुन्हा सुरू झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंचाक्षरींनी विभूती जरा ठळक लावली आणि कचेरीत पाऊल ठेवताच प्रयोगास आरंभ केला.

"तिप्पण्णा, आज थंडी लई हाय."

तिप्पण्णांनी मान वर केली. वर्षभरात प्रथमच त्यांनी मध्यस्थावाचून तोंड उघडले. "पंचाक्षरी, तुम्ही म्हणायलाव की आज थंडी लई हाय."

"व्हय, तिप्पण्णा. तुम्ही म्हणायलाव की मी म्हणायलोय की थंडी लई हाय."

"पंचाक्षरी, तुम्हाला थंडी वाजायलीय हे मला समजलं."

"तिप्पण्णा, ते तुम्हाला समजलं हे मला बी समजलं."

"मग ती खिडकी कामून उघडी ठेवलाव दोघांनी?" नेत्रावती ओरडली आणि उठून खिडकी लावून आली.

स्तुतीचा उपाय अधिक कठीण निघाला. तिप्पण्णांच्या ठायी खरा गुण शोधण्यात पंचाक्षरींचा दुपारपर्यंतचा वेळ गेला. शेवटी ते म्हणाले, "तिप्पण्णा, तुमचे दगड लई एकसारखे हायत."

तिप्पण्णांनीही बराच वेळ त्यांना खालून वर न्याहाळले. "पंचाक्षरी," ते म्हणाले, "तुम्ही खुर्चीत लई सरळ बसता."

त्या क्षणी पंचाक्षरींच्या अंतःकरणात काहीतरी टोचले, पण काय ते कळले नाही. ते कळावयास संध्याकाळ उजाडली, असे म्हटले तर भाषेचा दोष होईल, पण अर्थाचा होणार नाही. जाता जाता नेत्रावती म्हणाली, "पंचाक्षरीअण्णा, तुमचा पेन लई छान हाय, पंचाक्षरीअण्णा." दारात माणिकराव भेटले, ते म्हणाले, "पंचाक्षरीअण्णा, चाललाव का, पंचाक्षरीअण्णा?" तेव्हा त्यांच्या पायाखालची फरशी सरकली. गोदामात त्यांच्यामागे भिंत होती. केवळ भिंत. सगळ्या कचेरीने अवघड माणूस म्हणून त्यांनाच निवडले होते.

त्यांनी माणिकरावांना गोदामाच्या आडोशाला नेले. "माणिकराव, खरं सांगा. मी अवघड हाय का?"

माणिकराव सरळ मनाचे. त्यांनी डोके खाजवले. "अवघड असं न्हाई, अण्णा. पण बघा, च्या आला की तुम्ही म्हणता, 'माझा झालाय.' डबा उघडला की म्हणता, 'आत्ताच खाल्लंय.' कामावरनं सुटल्यावर थांबा म्हणलं तर म्हणता, 'जरा काम हाय.' माणसानं शिरावं तरी कुठनं?"

"मला कुणाला त्रास द्यायला आवडत न्हाई," पंचाक्षरी म्हणाले.

"तेच म्हणायलोय," माणिकराव म्हणाले.

त्या दिवसापासून पंचाक्षरींनी मौन धरले. वास्तविक पाहता ते आधीही फारसे बोलत नव्हते, पण आधीचे न बोलणे हा संकोच होता आणि आताचे हा बाणा होता. दुर्दैवाने बाहेरून पाहणाऱ्याला या दोहोंतील फरक दिसत नाही.

आणि याच सुमारास येळवस जवळ आली.

आमच्या बिदर-कलबुर्गीच्या पट्ट्यात येळ अमावस्या म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळावयाचे नाही. दिवाळीला माणूस घरी असतो, येळवशीला शेतात असतो. घोंगडीखाली झाकलेल्या टोपल्या डोक्यावर घेऊन गावच्या गाव रानात जाते. कडब्याची खोप करायची, पांडव म्हणून पाच दगड चुन्याने रंगवून तिच्यात मांडायचे, पूजा करायची, पिकावर आंबील शिंपडायची, आणि मग सगळ्या भाज्या नि दाणे एकत्र शिजवून केलेली भज्जी, बाजरीचे वाफवलेले गोळे म्हणजे उंडे, खीर असे जेवून तुरीच्या सावलीत आडवे व्हायचे. ज्याला शेत नाही तो ज्याला आहे त्याच्याकडे जातो. त्या दिवशी गावात जो राहतो, त्याचे कोणी नाही असे समजावे. पेठ बंद, हॉटेल बंद, गल्लीतील कुत्रीही भज्जीच्या वासाने रानात गेलेली. गेल्या येळवशीला पंचाक्षरी नुकतेच आले होते. त्यांनी तो दिवस खोलीला आतून कडी लावून, आत माणूस आहे असे बाहेर कळू नये म्हणून दिवा न लावता काढला होता.

यंदा तसा दिवस पुन्हा काढावा लागू नये, एवढीच त्यांची इच्छा होती. कचेरीतल्या त्या तिघांपैकी कोणी तरी एक शब्द टाकील, म्हणून ते वाट पाहत होते. स्वतःहून विचारणे त्यांच्या स्वभावात नव्हते. नेत्रावतीचे माहेर संतपूरचे. तिकडची हरभऱ्याची भाजी, तिकडची आंबील याचे वर्णन ती दिवसभर करी. माणिकराव म्हणत, "आमच्याकडं पूजा-बिजा न्हाई, पण भज्जी मातर आसपासच्या चार शेतांतनं मागाय येतात." हे बोलणे पंचाक्षरींच्या डोक्यावरून इकडून तिकडे जाई, जणू ते मध्ये ठेवलेले कपाट होते. कोणीच त्यांना काही म्हणाले नाही. बाणा धरलेल्या माणसाला कोण काय म्हणणार!

सणाला चार दिवस उरले असता रुद्रम्मांनी विचारले, "पंचाक्षरीअप्पा, येळवशीला कुठं जायलाव?"

प्रश्न साधा होता. पण रुद्रम्मांच्या डोळ्यांत जी दया दिसली, ती पंचाक्षरींना सोसवेना. "मादन हिप्परग्याला," त्यांच्या तोंडून निघाले. "आमच्या चुलत्यांचं शेत हाय तिथं."

मादन हिप्परगा त्यांनी केवळ पोत्यांवरच्या पत्त्यात वाचले होते. ते आळंद तालुक्यात, दूर, पडताळायला कोणी जाणार नाही असे, म्हणून जिभेवर आले. त्याच संध्याकाळी शैलश्रीचा फोन आला. तिने विचारले, "अप्पा, यंदा येळवशीला एकटेच बसणार का?" तेव्हा त्यांनी तेच शेत मुलीलाही दाखवले. "खरंच?" ती म्हणाली आणि इतकी आनंदली, की फोन ठेवल्यावर पंचाक्षरी बराच वेळ हातातल्या फोनकडे पाहत बसले.

पुढचा अनर्थ रुद्रम्मांच्या मुखाने झाला. दुसऱ्या दिवशी कचेरीत पाऊल ठेवतात तो नेत्रावती म्हणाली, "अण्णा, मादन हिप्परग्याला शेत हाय म्हणं तुमचं? मी म्हणणारच होते आज, आमच्याकडं चला संतपूरला. गाडीत एक जागा ठिवली होती तुमच्यासाठी."

पंचाक्षरींनी खिशाचा पेन काढून पुन्हा खिशाला लावला. "आता कसं," ते म्हणाले, "चुलते वाट बघतेत."

दुपारी माणिकराव आले. "आमच्या इंदिराबाईनं खास सांगितलं होतं, अण्णास्नी घेऊन या म्हणून. पण तुमचं आधीच ठरलंय. घरची माणसं ती घरची माणसं." संध्याकाळी धाकट्या मालकांनी स्वतः मोटारीची काच खाली करून आवतण दिले. ज्यासाठी वर्षभर जीव तळमळत होता ते आवतण तीन वेळा चालून आले, आणि तिन्ही वेळा पंचाक्षरींनी एका काल्पनिक चुलत्याच्या आदराखातर नाकारले. रावणालाही दहा तोंडे असून असे उत्तर सुचले नसते.

शेताची चौकशी सुरू झाली, तसे शेत वाढू लागले. "किती हाय?" तर बरेच हाय. "काय लावलंय?" तर तूर. "पाणी?" तर विहीर हाय, चांगली बांधीव. दोन दिवसांत त्या शेताला एक चिंचेचे झाड आणि एक खिल्लारी बैलजोडी आली. आणि असत्याचा हा डोलारा उभा असताना, कधी नव्हे ते, दगडांच्या रांगेपलीकडून आवाज आला.

"मला बी तिकडंच जायचंय. गाडीवर सोडतो तुम्हास्नी."

नेत्रावतीने टंकन थांबवले. माणिकराव दारातच उभे राहिले. तिप्पण्णांनी पहिले पाऊल टाकले होते.

"तिकडं? कोणाकडं?" पंचाक्षरींनी विचारले.

"हाय एक काम."

येळवशीला कोणाला काही काम नसते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण पंचाक्षरी स्वतःच्या संकटात इतके बुडाले होते, की हे त्यांच्या ध्यानात आले नाही.

येळवशीच्या सकाळी धुके होते. तिप्पण्णा मफलर गुंडाळून दारात हजर झाले. पंचाक्षरींनी जाणाऱ्या पाहुण्याच्या हाती काही असावे म्हणून पेढ्यांचा पुडा घेतला होता. ते मागे बसले. आता वर्षभर ज्याच्या सीमेला आपण बोट लावले नाही, त्याच्या खांद्याला धरावे की सीटला, हा प्रश्न त्यांना पहिल्या खड्ड्यापर्यंत पडला. पहिल्या खड्ड्याने तो सोडवला.

दोन्ही बाजूंनी ज्वारी उभी होती आणि शेताशेतांत धूर दिसत होता. वाटेवरून जाणाऱ्यांना बांधावरून हाका येत होत्या, "या हो, जेवून जावा!" तिप्पण्णा हात वर करीत. पंचाक्षरी सवयीने म्हणत, "झालंय, झालंय," आणि हे शब्द वाऱ्यावर मागेच राहत.

बऱ्याच वेळाने पंचाक्षरींनी विचारले, "तिप्पण्णा, तुमचं शेत हाय की राजेश्वरलाच?"

"हाय."

"मग आज तिकडं?"

"भावाभावांत बोलणं न्हाई," तिप्पण्णा म्हणाले आणि गाडीचा वेग वाढवला. अबोला केवळ आपल्यासाठीच राखून ठेवलेला नव्हता, हे कळून पंचाक्षरींना प्रथम थोडे बरे वाटले, आणि मग बरे वाटल्याचे वाईट वाटले.

मादन हिप्परग्याची पाटी दिसू लागली आणि पंचाक्षरी पेढ्यांचा पुडा सावरून बसले. गाव जवळ येताच आपण फाट्यावर उतरून 'येथून मी पायी जाईन' असे म्हणावयाचे, अशी त्यांनी योजना आखली होती. पण फाट्याच्या अलीकडेच गाडीचे मागचे चाक फुसकन बसले. तिप्पण्णा उतरले, चाक पाहिले, रस्त्याच्या दोन्ही अंगांना पाहिले. येळवशीच्या दिवशी पंक्चर काढणारा जगाच्या पाठीवर उघडा सापडत नाही. तोही कोठे तरी खोपीपुढे बसलेला असतो.

"बरं झालं इथंच बसली," तिप्पण्णा म्हणाले. "तुमच्या चुलत्याकडं पंप असंल की. शेत कुठवर हाय?"

सर्वनाश समोर उभा ठाकला असता शहाणा अर्धे सोडतो, असे वचन आहे. पंचाक्षरींपाशी सोडावयास काहीच उरले नव्हते. त्यांनी हात उचलला आणि समोर दिसेल त्या शेताकडे बोट केले. "हेच."

गाडी ढकलत दोघे बांधावर आले. कडब्याच्या खोपीपुढे बायका-माणसे बसली होती. पांढऱ्या पातळातली एक म्हातारी उठली. पंचाक्षरींनी डोळे मिटून घेतले.

"या की! कामून उशीर केलाव?" म्हातारी ओरडली. "महादेवप्पा, पाव्हणे आलेत, पाणी दे रे!"

हा आमच्या येळवशीचा महिमा. त्या दिवशी बांधावर जो चढला तो पाहुणा. आधी वाढायचे, नाव नंतर. पण शहरात कापड मोजण्यात आयुष्य गेलेल्या पंचाक्षरींना हे कोठून ठाऊक असणार! त्यांना वाटले, प्रत्यक्ष परमेश्वराने त्यांना चुलते मिळवून दिले. महादेवप्पा, म्हणजे म्हातारीचा मुलगा, गाडीकडे पाहून म्हणाला, "जेवल्याबिगर चाकाला हात लावत न्हाई." पत्रावळ्या मांडल्या गेल्या. पेढ्यांचा पुडा पोरींनी पळवला.

संकट टळले की पंचाक्षरींची जीभ सैल सुटे, हे त्यांना स्वतःलाही त्या दिवशीच कळले. आंबिलीचा पहिला घोट पोटात जाताच ते घरच्यासारखे बोलू लागले. "यंदा तूर बरी दिसायली, महादेवप्पा."

"बरी हाय."

"आपल्या हिरीला पाणी किती हाय आता?"

महादेवप्पाने घास थांबवला. "हीर कुठली? बोअर हाय इथं."

"बोअरच म्हणायलो मी. अन् बैलं?"

"टॅक्टर हाय."

"चिंच तेवढी दिसंना," पंचाक्षरी म्हणाले, कारण आता थांबणे त्यांच्या हाती राहिले नव्हते.

एका सुनेने पदर तोंडाला लावला. तिप्पण्णा खाली मान घालून उंडा कुस्करीत होते. म्हातारीने भज्जीचे भांडे मांडीवर घेतले आणि पंचाक्षरींना नीट न्याहाळले. तिच्या नजरेत राग नव्हता, केवळ जिज्ञासा होती. पण जिज्ञासेने मेलेल्या माणसाला राग नव्हता म्हणून काय समाधान!

"लेकरा, राग मानू नको," ती म्हणाली. "म्हातारपणी डोळ्याला ओळख ऱ्हाईना. तुम्ही पाव्हणे कुणाकडचे म्हणायचे?"

पंचाक्षरींचा हात पत्रावळीवर जागच्या जागी राहिला. त्यांनी चुलत्याचे नाव आठवून पाहिले. नाव त्यांनी ठेवलेच नव्हते. उद्या ही गोष्ट कचेरीत जाईल, तेथून रुद्रम्मांच्या ओट्यावर, आणि तेथून कोणत्या तरी वाटेने हैदराबादेस. आणि मुलीला कळेल, की आपल्या बापाला येळवशीला कोणीही नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे ज्वारी हलू लागली.

"माझ्याकडचे," तिप्पण्णा म्हणाले. त्यांनी मान वर केली नव्हती.

म्हातारी त्यांच्याकडे वळली. "अन् तुम्ही?"

तिप्पण्णांनी घास गिळला. "मी ह्यांच्याकडचा."

म्हातारीने क्षणभर हिशेब केला असावा. मग तो तिला पटला. "असं व्हय," ती म्हणाली, "मग भज्जी घ्या की पोटभर," आणि दोघांच्या पत्रावळ्यांवर पळीने भज्जी पडली. "आत्ताच खाल्लंय," हे शब्द पंचाक्षरींच्या ओठांपर्यंत आले होते. त्यांनी ते भज्जीसह गिळले आणि आणखी मागून घेतली.

जेवणानंतर महादेवप्पाने चाक काढले, फुगवले, ट्यूब पाण्यात बुडवून छिद्र शोधले. पंचाक्षरी बांधावर बसून पाहत होते. तिप्पण्णा थोड्या अंतरावर, पाठ फिरवून, बसले होते. निघताना म्हातारीने दोघांच्याही हाती एकेक उंडा कागदात बांधून दिला आणि पुढल्या साली बायका-लेकरांना घेऊन यावयास सांगितले. "येतो की," दोघे एकदमच म्हणाले.

परतीच्या वाटेवर धूर विझत आले होते आणि टोपल्या घेऊन माणसे घरी निघाली होती. पंचाक्षरींना तिप्पण्णांना पुष्कळ विचारावयाचे होते. शेत माझे नव्हे हे तुम्हाला केव्हा कळले? पंक्चर झाल्यावर, की राजेश्वरहूनच? तुमचे ते काम काय होते? मी खरोखरच तितका अवघड आहे काय? पण समोर मफलर गुंडाळलेली मान होती आणि वारा उलटा होता. धाकट्या मालकांच्या चार उपायांत पाठमोऱ्या माणसासाठी काही सांगितलेले नव्हते. त्यांनी नुसते खांद्याला धरून ठेवले.

दारात गाडी थांबली. रुद्रम्मांच्या घराला अजून कुलूप होते, गल्लीत कोणी परतले नव्हते. पंचाक्षरी उतरले आणि धोतर झटकत उभे राहिले. तिप्पण्णांनी गाडी बंद केली नाही. ते समोर पाहतच म्हणाले, "उद्या ह्यातलं हापिसात काही काढू नगा."

पंचाक्षरींनी कपाळावरची पुसलेली विभूती चाचपली, आणि वर्षभरात त्यांनी कोणाशी थट्टा केली नव्हती म्हणून की काय, आवाज जरा घोगराच निघाला.

"कशातलं?" ते म्हणाले.

तिप्पण्णांनी मान वळवून पाहिले. मग मफलरच्या आत काहीतरी हलले. ते हसणे होते की खोकला, हे ठरण्याआधीच गाडी गल्लीच्या वळणाला गेली.